प्याद्यांची मोजणी: लूप, बिटबोर्ड की हॅश टेबल?

दिव्या देशमुखने 2025 मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून नागपुरातल्या माझ्या दोघा-तिघा मित्रांनी स्वतःचं चेस इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) लिहायला घेतलंय. धरमपेठेत तर्री पोहे खाताना प्रश्न ठरलेला: "भाऊ, प्यादी मोजण्यातच वेळ जातोय, काय करू?" मोजणं म्हणजे प्याद्यांच्या रचनेला गुण देणं.

साधा लूप सगळ्यांनाच जमतो. 64 घरं फिरा, प्यादं दिसलं की शेजारच्या पट्ट्या (उभ्या रांगा) तपासा. चूक चटकन सापडते, पण सेकंदाला लाखो स्थिती तपासायच्या असतील तर हा लूप जड पडतो.

बिटबोर्डात एका रंगाच्या एका प्रकारच्या सोंगट्यांसाठी अख्खा पट म्हणजे 64 बिटांचा एक आकडा, घराला एक बिट. पांढरं प्यादं ई4 वर आहे, त्याची वाट मोकळी आहे का, म्हणजे पुढे काळं प्यादं आडवं येणार नाही ना? डी, ई आणि एफ पट्ट्यांवर पाचव्या ते सातव्या रांगेपर्यंतची नऊ घरं आधीच मास्कमध्ये (फक्त हवी ती घरं 1 असलेल्या आकड्यात) भरून ठेवायची, काळ्या प्याद्यांशी एक अँड (दोन्हीकडे 1 असलेलेच बिट ठेवणारी क्रिया) करायचा. शून्य आलं की वाट मोकळी. फक्त शिफ्ट करताना (सगळे बिट सरकवताना) एच पट्टीवरचा बिट पलीकडे ए पट्टीवर उडी मारतो, तेवढा आधी पुसा.

खरी मजा प्याद्यांच्या हॅश टेबलात आहे, म्हणजे एकदा काढलेलं उत्तर की वापरून पुन्हा झटकन शोधता येईल अशा तक्त्यात. सर्चमध्ये (इंजिन पुढच्या चाली धुंडाळतं तेव्हा) बहुतेक चाली घोडे, उंट, हत्तींच्या. प्यादी जिथल्या तिथे. म्हणून फक्त प्याद्यांची झोब्रिस्ट की (त्यांच्या जागांवरून काढलेला ओळख-आकडा) बनवा आणि गुण साठवून ठेवा. काही हजार नोंदींचं टेबलही पुरतं, बहुतेक वेळा उत्तर तयारच असतं.

पण यात मी चांगलाच तोंडघशी पडलोय. राजापुढच्या प्याद्यांच्या आडोशाचे गुणही त्याच नोंदीत कोंबले होते. राजाचं कॅसलिंग झालं, प्यादी तीच, की तीच, गुणही जुनेच! दोन रात्री गेल्या. राजाचं घर कीमध्ये घ्या, नाहीतर ते गुण टेबलाबाहेर मोजा. मोकळ्या प्याद्यापुढे घोडा अडून बसलाय का, हेही बाहेरच.

नुसती ताकदच हवी असेल तर न्यूरल नेटवर्क आहेच. स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनने ते 2020 मध्ये घेतलं. पण त्याला ट्रेनिंगचा डेटा लागतो, आणि प्याद्यांबद्दल तुम्ही स्वतः काही शिकत नाही.

पहिलंच इंजिन असेल तर माझं मत बिटबोर्डाला. हॅश टेबल प्रोफायलरने (वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनाने) सांगितल्यावरच. आणि जुना लूप पुसू नका बाप्पा, डीबग बिल्डमध्ये (चुका शोधायच्या आवृत्तीत) राहू द्या. प्रत्येक स्थितीत त्याचा आणि बिटबोर्डाचा आकडा जुळतोय का, ते तोच सांगेल.