हेअरस्प्रेने रंग उडवणे: १/४८ ‘हिएन’वर काही महिन्यांच्या वापरानंतर

दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लष्कराच्या लढाऊ विमानांच्या प्लास्टिक मॉडेलवर उडालेला रंग दाखवायचा, तर स्पंजने चंदेरी ठिपके मारण्यापेक्षा हेअरस्प्रे कितीतरी सरस: खालचा चंदेरी थर आणि वरचा रंग यांच्यामध्ये तो मारायचा, मग पाण्याने विरघळवून वरचा रंग हवा तिथे सोडवायचा. तामिया कंपनीच्या कि-६१ ‘हिएन’ या लढाऊ विमानाच्या मॉडेलवर वापरून बनलेलं हे मत. खऱ्या विमानांवर हिरवा रंग बऱ्याचदा कारखान्यात नव्हे, तर लढणाऱ्या तुकडीतच, उघड्या धातूवर प्रायमरशिवाय चढवत. म्हणून तो पापुद्र्यांनी सुटे. नौदलाच्या ‘झीरो’ लढाऊ विमानाला प्रायमर असे. झीरोवर जागोजागी चांदी दाखवली की मॉडेल देखणं दिसतं, पण खोटं.

खालचा थर लॅकरचाच हवा. तामियाचा एएस-१२ हा चंदेरी स्प्रे कॅनमधून थेट मारला तरी चालतो. आधी प्लास्टिक २००० नंबरच्या पेपरने ओलं घासून घ्या, चंदेरी रंग एकही ओरखडा लपवत नाही. मग दोन दिवस हात लावू नका. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत हा थर दुधाळ पडू शकतो, कारण सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. कोरड्या दिवसाची वाट पाहिलेली बरी.

हेअरस्प्रे कुठलाही स्वस्त, ‘स्ट्राँग होल्ड’वाला. फूटभरावरून दोन हलके हात. जाड बसला तर वरच्या रंगाला भेगा पडतात. पंधरा मिनिटांनी तामियाचा एक्सएफ-१३ हा हिरवा अॅक्रिलिक, त्यांच्याच एक्स-२०ए या अॅक्रिलिक थिनरने पातळ करून. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच: गुळगुळीत बसावा म्हणून लॅकर थिनर घालतात, मग रंग हेअरस्प्रेला भेदून खाली चिकटतो आणि घासघासूनही सुटत नाही.

अर्ध्या-पाऊण तासात कामाला लागा. कोमट पाण्याने मिनिटभर भिजवून, केस आखूड कापलेल्या ब्रशने टोचायचं. १ मिमीचा टवका म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ ५ सेंमी, एवढं लक्षात ठेवलं तरी अतिरेक टळतो. पंखाच्या मुळाशी, बंदुकांच्या झाकणांच्या कडांना उडवा. पंख-शेपटीवरचे हलणारे भाग, म्हणजे एलरॉन, रडर, एलिव्हेटर, मात्र सोडा: ती कापडाने मढवलेली, तिथे धातू दिसणारच नाही.

जपानी चिन्हाच्या लाल गोळ्यांसाठी डिकल (पाण्याने चिकटवायची छापील चित्रं) नकोत. आजूबाजूचा रंग उडालेला आणि गोळा कोरा करकरीत, हे लगेच खुपतं. टेपमधून गोल मास्क कापून एक्सएफ-७ लाल हिरव्यापाठोपाठ मारा, म्हणजे दोन्ही एकत्र सुटतात.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो ठिपकेदार कॅमोफ्लाजसाठी: पातळ फवारलेला हिरवा ठिपका पाणी लागताच अख्खा वाहून जातो. तिथे अजूनही बारीक ब्रश आणि संयमच.

काम संपल्यावर उरलेला हेअरस्प्रे धुऊन, दिवसभर वाळवून लॅकर क्लिअर (रंगहीन संरक्षक थर) द्या, तोही धुक्यासारखा हलका. ओला थर अॅक्रिलिकला चावतो. चांदी किंचित मंद होते, पण लढाईतल्या विमानाला ते शोभतं. क्लिअर नीट बसलेल्या जागी महिन्यांनंतरही कडा पक्क्या आहेत. विंडस्क्रीनच्या बुडाशी, जिथे तो कमी पोचतो, तिथे ओल्या बोटाला अजून रंग लागतो. त्यामुळे धूळ कोरड्या मऊ ब्रशनेच काढायची.