प्राणी मोजायचं यमकाचं पुस्तक: काही महिने वापरल्यावर, आणि मुख्यतः सहाच्या पानाबद्दल

पुस्तकाचे दोन तुकडे झाले म्हणून हे लिहायला घेतलं आहे. एक ते दहा प्राणी, प्रत्येक आकड्याला समोरासमोरची दोन जाड पुठ्ठ्याची पानं, दोन ओळींचं यमक, किंमत पावणेतीनशे रुपये. अशी बोर्ड बुकं आता सगळीकडे मिळतात, त्यामुळे वर्णन पुरे. घडी फाटली ती नेमकी सहाच्या पानावर. फाटली नसती तरी सगळ्यात मोठी तक्रार याच पानाची असती.

आधी चांगलं सांगतो. या पुस्तकात यमक आकड्यावर पडतं. मराठीत हे सहज होत नाही. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, म्हणून बहुतेक पुस्तकांत ‘एक हत्ती आला, रानात गेला’ असं आला-गेलाचं यमक जुळवलेलं असतं आणि आकडा ओळीच्या सुरुवातीला हरवून जातो. इथे ‘फांदीवरती माकडं पाच, शेपूट धरून करती नाच’ किंवा ‘सशांची पिल्लं नऊ, अंग त्यांचं मऊ मऊ’ अशी रचना आहे. ओळीच्या शेवटी आल्यामुळे आकडा कानात राहतो. चार-पाच दिवस वाचलं की मोठ्यांनी ‘माकडं...’ म्हणून थांबायचं, आणि दोन वर्षांचं मूलही ‘पाच!’ म्हणून ओळ पुरी करतं. ज्यांनी लिहिलं त्यांना बडबडगीताचा ठेका चांगला कळतो.

पहिले काही आठवडे या जोरावर मी हे पुस्तक सगळ्यांना सुचवत होतो. पुढे मत बदललं. यमक पाठ होणं आणि मोजता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची जी तत्त्वं मांडली, त्यात आकड्यांचा क्रम न बदलणं हे फक्त एक आहे. एका वस्तूला एकच आकडा, आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या, ही त्यापुढची. यमक क्रमाला मदत करतं, बाकीच्या दोन्हींना जवळजवळ नाही. खात्री करायची तर पुस्तक मिटा, समोर डब्यांची दहा झाकणं ठेवा आणि ‘मला तीन दे’ म्हणा. दहापर्यंत घडाघडा म्हणणारं अडीच वर्षांचं मूल बहुतेक वेळा मूठभर झाकणं उचलून देतं. मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास अशाच चाचण्यांमधून दाखवलं की मुलांना आधी फक्त एक कळतो, काही महिन्यांनी दोन, मग तीन. साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास एकूण संख्येची कल्पना पक्की होते. त्यामुळे पाठ आहे म्हणून खूश होऊ नका आणि ‘तीन दे’ जमलं नाही म्हणून काळजीही करू नका.

आता सहाचं पान. ‘तळ्याकाठी बेडूक सहा, डोळे मोठे करून पहा.’ ओळ सुंदर आहे, चित्रही सुंदर आहे, आणि सगळा घोटाळा इथेच आहे. एक, दोन, तीन, चार, पाच हे सगळे उच्चार एका ठोक्याचे. बोट एकदा टेकतं, शब्द संपतो. सहा हा पहिला दोन ठोक्यांचा आकडा: स-हा. यमकाच्या तालावर मोजणारं मूल ‘स’ला एक बेडूक आणि ‘हा’ला दुसरा बेडूक दाखवतं. त्यात चित्रकाराने चौथा बेडूक बरोबर घडीवर बसवला आहे: डोकं डाव्या पानावर, मागचे पाय उजव्या पानावर. मुलाचं बोट डोक्यावर एकदा टेकतं आणि पायांवर पुन्हा एकदा. म्हणजे सहा बेडकांवर सात वेळा बोट टेकतं. पहिल्या पाच ठोक्यांत पाचपर्यंत, सहाव्याला ‘स’, सातव्याला ‘हा’. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात, उत्तर बरोबर ‘सहा’ येतं आणि आपण शाबासकी देऊन पान उलटतो.

चूक उघडी पडते ती पुढच्या पानावर. सात मासे आहेत, सगळे सुटे, घडीवर एकही नाही. ‘स’ सहाव्या माशावर, ‘हा’ सातव्या माशावर, मासे संपले, मूल ‘सहा’ म्हणून थांबतं. मग आई-बाबांना वाटतं की सातात काहीतरी कच्चं आहे. सातात काहीच कच्चं नसतं. नऊ आणि दहा यांचेही दोन ठोके आहेत, म्हणून तिथे हा गोंधळ पुन्हा होतो.

यावर चाललेला उपाय असा. यमक आणि मोजणी वेगळी करा. आधी दोन ओळी तालात म्हणा, मग क्षणभर थांबा आणि ताल न धरता मोजा. मुलाचं बोट आपल्या हातात धरा, ‘सहा’ म्हणताना ते बेडकावर दाबून ठेवा आणि पूर्ण शब्द संपल्यावरच उचला. प्रत्येक बेडकाच्या डोक्यावर परमनंट मार्करने एक ठिपका काढा, घडीवरच्या बेडकाला फक्त डाव्या पानावर. लॅमिनेशनवर ठिपका टिकतो, नको झाला तर सॅनिटायझरच्या बोळ्याने निघतो. टिकल्या चिकटवू नका, मुलं त्या खरवडून तोंडात घालतात. चार वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी प्रत्येक प्राण्यावर एक चिंचोका ठेवणं उत्तम, लहानांना मोठी झाकणंच द्या. मोजून झालं की लगेच ‘मग बेडूक किती?’ विचारा. मूल पुन्हा एकपासून मोजायला लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजे एकूण, हे अजून बसलेलं नाही. त्याला मोजू द्या आणि आपण एकदा ‘सगळे मिळून सहा’ म्हणा.

आणखी एक बारीक गोष्ट. बेडूक, वाघ, उंट, मोर यांचं अनेकवचन तेच राहतं. चिमण्या, ससे, मांजरं, गायी यांत शब्दच बदलतो आणि एकाहून जास्त आहेत हे कानालाही कळतं. सुरुवातीच्या दोन-तीन आकड्यांना असे शब्द हवेत. इथे दोनला वाघ आहेत.

आकड्यांचा टाइप ठीक आहे, १ आणि ९ नीट वेगळे दिसतात. मात्र कोपऱ्यात इंग्रजी आकडेही छापले आहेत आणि देवनागरी ४ इंग्रजी आठासारखा दिसतो. तीन वर्षांपर्यंत तो कोपरा झाकलेला बरा.

आता बांधणी. बोर्ड बुकात छापलेला पुठ्ठा मधोमध दुमडून शेजारच्या पुठ्ठ्याला पाठीला पाठ लावून चिकटवतात, त्यामुळे घडीवर सगळा भार एका थरावर येतो. घडीवर क्रीझिंग (दुमडण्याआधी दाबून पाडलेली खाच) नीट मारलेलं नसेल तर लॅमिनेशन तडकतं, पावसाळ्यात त्या चिरेतून दमट हवा आत जाते आणि पुठ्ठ्याचे थर सुटतात. पुस्तकाचा मध्य पाच-सहाच्या जवळ येतो, आणि घडीवरचा बेडूक दिसावा म्हणून तेच पान दाबून सपाट उघडलं जातं. प्रकाशकाने याला ‘वापरातली झीज’ म्हटलं, विक्रेत्याने बदलून घेण्याची मुदत संपल्याचं सांगितलं. एक ते चार वयोगटासाठी विकलेलं पुस्तक एका पावसाळ्यात उघडावं ही झीज नव्हे, हा बांधणीतला दोष आहे आणि पावणेतीनशे रुपयांत तो मान्य नाही.

दुरुस्तीला सेलोटेप वापरू नका. उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरतो, पानं एकमेकांना चिकटतात, शिवाय बेडूक टेपखाली जातो. दोन्ही तुकडे सावलीत दिवसभर सुकवा. जुन्या मलमलीची, पुस्तकाच्या पाठीएवढी पट्टी कापा. पाठीच्या आतल्या बाजूला ब्रशने पांढऱ्या फेविकॉलचा पातळ थर द्या, पट्टी दोन्ही तुकड्यांच्या कडांवर येईल अशी बसवा, घडीत बटर पेपर घाला, पुस्तक मिटा आणि पाठ खाली करून दोन जड पुस्तकांमध्ये रात्रभर दाबून उभं ठेवा. एरवी पुस्तक पुसताना घट्ट पिळलेलं फडकं वापरा आणि पानं पंख्याखाली उघडी सुकवा.

पिन मारलेली कागदी पुस्तकं चाळीस-पन्नास रुपयांत मिळतात, पण कोकणातल्या हवेत पिना गंजतात आणि सुटलेली पिन लहान मुलाजवळ धोक्याची आहे. घेतलीत तर पिना काढून जाड दोऱ्याने शिवा. फुकट हवं असेल तर प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून मराठी पुस्तकं डाउनलोड करून छापता येतात. अडीच वर्षांच्या आतल्या मुलासाठी पाचपर्यंतचं पुस्तक पुरतं. दहापर्यंतचं घेणार असाल तर दुकानात सहाचं पान उघडा, घडीवर प्राणी आहे का बघा, आणि असला तर ते पुस्तक परत ठेवा.