कंपोझिशन की रेग्युलर? फरसाणवाल्याचं गणित बदललंय

धंदा छोटा असेल तर जीएसटीची कंपोझिशन योजनाच घ्यावी (विक्रीवर ठरावीक टक्के कर, खरेदीवरच्या कराची वजावट नाही; वजावट मिळते ती नेहमीची पद्धत म्हणजे रेग्युलर), असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं आणि ते बरोबरही होतं. पण 22 सप्टेंबर 2025 पासून पॅकबंद फरसाणावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. त्यामुळे हा हिशोब पुन्हा मांडायलाच हवा.

समजा, तुम्ही स्वतः फरसाण बनवून पॅकबंद विकता आणि वर्षाला गिऱ्हाइकांकडून 60 लाख जमा होतात. तेल, बेसन वगैरे 30 लाखांचं, त्यावर 5 टक्के. पिशव्या-पॅकिंग 3 लाखांचं, त्यावर 18 टक्के. म्हणजे खरेदीवर 2 लाख 4 हजारांचा कर तुम्ही आधीच भरलेला असतो.

कंपोझिशनमध्ये विक्रीच्या 1 टक्का, म्हणजे 60 हजार भरायचे. ते गिऱ्हाइकाकडून वेगळे घेता येत नाहीत आणि खरेदीवरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावटही मिळत नाही. एकूण भार 2 लाख 64 हजार. रेग्युलरमध्ये त्याच 60 लाखांतून 12 टक्क्यांच्या काळात 6 लाख 43 हजार कर निघायचा, आता 2 लाख 86 हजार निघतो. खरेदीवर भरलेले 2 लाख 4 हजार त्यातच वळते होतात, म्हणजे एकूण भार तेवढाच. पूर्वी कंपोझिशनवाला पावणेचार लाखांनी फायद्यात होता. आज तो फायदा 22 हजारांवर आलाय. तीन लाखांचं पॅकिंग मशीन घेतलं, तर 54 हजारांचं क्रेडिट मिळून त्या वर्षी रेग्युलरच स्वस्त पडतं!

माल कोणाला विकता, हे मला करापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. नोंदणीकृत दुकानदाराला तुमच्या बिलावर क्रेडिट हवं असतं. कंपोझिशनवाल्याच्या बिलावर ते मिळत नाही, म्हणून तो दुसरीकडे वळतो. राज्याबाहेर विक्री तर चालतच नाही. सावंतवाडीहून पणजीच्या दुकानात माल पाठवायचा असेल, तर कंपोझिशनचा विचार तिथेच सोडा. ऑनलाइन विक्रीला मात्र 1 ऑक्टोबर 2023 पासून मुभा आहे, तीही राज्यातल्या राज्यातच.

कागदपत्रांत कंपोझिशन सोपी: दर तिमाहीला कर भरण्याचा सीएमपी-08 फॉर्म आणि वर्षाचं जीएसटीआर-4 रिटर्न, तेही आता 30 जूनपर्यंत. रेग्युलरमध्ये 5 कोटींच्या उलाढालीपर्यंत रिटर्न तिमाही भरता येतं, पण कर दरमहाच भरायचा. बिलं जपण्याची शिस्त लागते, सीएची फीही जास्त. वरचे 22 हजार आणि ही फी एकत्र धरली, तर निव्वळ काउंटरवर विकणाऱ्याने कंपोझिशन सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाळा भाड्याचा असेल आणि मालकाकडे जीएसटी नोंदणी नसेल, तर रेग्युलरवाल्याने भाड्यावर 18 टक्के कर स्वतः रोखीने भरायचा आणि मग क्रेडिट घ्यायचं. कंपोझिशनवाल्याला 16 जानेवारी 2025 पासून यातून वगळलंय. हंगामाआधी हातात पैसा कमी असतो, तेव्हा हा फरक जाणवतो.

कंपोझिशनला मर्यादा वर्षाला दीड कोटींच्या उलाढालीची. कंपोझिशनमधून वर्षाच्या मध्येही बाहेर पडता येतं आणि शिल्लक मालावरचं क्रेडिट मागता येतं. आत यायचं तर मात्र 31 मार्चपर्यंत सीएमपी-02 फॉर्म भरावा लागतो, आणि शिल्लक मालावर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. म्हणून तो फॉर्म भरण्याआधी गोदामातल्या तेलाच्या डब्यांची मोजदाद करून घ्या.