अल्प्राझोलाम की क्लोनाझेपाम? दोन्ही 0.5 मिग्रॅच्याच गोळ्या, पण

घरात एकाला अल्प्राझोलाम आणि दुसऱ्याला क्लोनाझेपाम (दोन्ही घबराट कमी करणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या) चालू असली की "एकच आहे रे, दे माझ्यातली" असं सर्रास चालतं, ते आधी बंद करा.

अल्प्राझोलाम पटकन चढते, साधारण 1-2 तासांत पूर्ण जोर, आणि रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला 11 तासांच्या आसपास, म्हणून पॅनिकमध्ये लगेच बरं वाटतं पण उतरली की परत धडधड, परत गोळी हवीशी वाटते, सवय लागते ती इथूनच. क्लोनाझेपामला तेच निम्मं व्हायला 30-40 तास लागतात, उतार हळू, फिट्सवरही देतात. पण रोज घेतली की साठत जाते, आजीआजोबा सकाळी बाथरूमला जाताना तोल जाऊन पडतात ते यामुळेही असू शकतं.

आणखी एक, नायट्यासाठी इट्राकोनाझोल चालू असेल तर अल्प्राझोलाम नकोच, शरीरातून बाहेर पडत नाही नीट. स्किनवाल्या डॉक्टरला सांगायचं राहून जातं हे नेहमीचं. दारू किंवा ट्रामाडोलसारखी पेनकिलर मात्र दोन्हींसोबत डेंजर, श्वास मंदावतो.

अल्प्राझोलाम शेड्यूल एच1 मध्ये (कडक नोंद लागणाऱ्या औषधांची सरकारी यादी), त्यामुळे केमिस्ट चिठ्ठी मागतो, रजिस्टरला नोंद करतो, चिठ्ठी क्लोनाझेपामलाही लागतेच, त्याच्याशी हुज्जत घालू नका.

माझं मत विचाराल तर बरेच दिवस घ्यायची असेल तर क्लोनाझेपाम बरी, पण ठरवणार डॉक्टरच, आणि बरेच दिवस घेतली असेल तर कुठलीही अचानक सोडू नका, फिट येऊ शकते, डोस हळूहळू उतरवून घ्या.