रात्री ३ चं अपडेट सकाळी साडेदहाला: वेबसाईट मॅनेजमेंट डॅशबोर्ड, ८ महिने वापरून

माझ्याकडे वर्डप्रेसवर (वेबसाईट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या १४ साईट्स आहेत, दोन दवाखाने, एक शाळा, बाकी सगळे छोटे दुकानदार, आणि प्रत्येक साईटवर लॉगिन करून प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) अपडेट करत बसण्यात अख्खा रविवार जायचा म्हणून हा डॅशबोर्ड घेतला. आपल्याच होस्टिंगवर बसवायचा प्रकार आहे, म्हणजे वेगळ्या सबडोमेनवर (आपल्याच डोमेनखालचा वेगळा पत्ता) एक वर्डप्रेस, त्यात हा डॅशबोर्ड, आणि प्रत्येक क्लायंटच्या साईटवर जोडणीसाठी त्याचा एक छोटा प्लगिन. नाव लिहीत नाही, कारण मला झालेला त्रास या पद्धतीच्या कुठल्याही डॅशबोर्डवर होऊ शकतो आणि खरं तर तेच सांगायचंय.

आधी चांगलं. कुठल्या साईटवर काय जुनं झालंय ते एका स्क्रीनवर दिसतं, बॅकअपही तिथूनच घेता येतो. दर महिन्याचा रिपोर्ट क्लायंटला पाठवता येतो, त्यामुळे लोकांना कळतं की आपण मेंटेनन्सचे पैसे कशाचे घेतो.

आता शेड्यूल, म्हणजे ठरलेल्या वेळी सगळ्या साईट्सची अपडेट आपोआप करायची सोय. रविवारी रात्री ३ ची वेळ लावली होती. एका सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मसाले विकणाऱ्या एका काकूंचा फोन, अहो दादा, साईटवर काहीतरी इंग्रजी येतंय, ऑर्डर होत नाहीये. बघतो तर ‘ब्रीफली अनअव्हेलेबल फॉर शेड्यूल्ड मेंटेनन्स’, म्हणजे अपडेट तेव्हा चालू होतं, भर धंद्याच्या वेळेला. मला खूप वाईट वाटलं कारण त्यांचा सोमवार म्हणजे सगळ्यात जास्त ऑर्डरचा दिवस.

पहिला संशय टाइमझोनवर. डॅशबोर्डच्या वर्डप्रेसला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लावलेलं होतं, यूटीसीचे ३ म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. सेटिंग्जमध्ये जाऊन कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, केलं आणि वाटलं झालं काम, पण पुढच्या सोमवारी परत साडेदहा. तेव्हा लक्षात आलं की साडेदहाला मी रोज डॅशबोर्ड उघडतो!

तर मुद्दा असा आहे की वर्डप्रेसचं क्रॉन (ठरवलेली कामं सुरू करणारी सोय) हे घड्याळाचा गजर नाही, कोणीतरी साईट उघडली की ते बघतं कुठलं काम राहिलंय का आणि मग ते सुरू करतं. क्लायंटच्या साईटवर दिवसभर माणसं येतात, पण डॅशबोर्डचं सबडोमेन माझ्याशिवाय उघडणार कोण, तेही रात्री ३ ला? त्यात मी मध्येच सुरक्षेसाठी त्या सबडोमेनच्या फोल्डरला पासवर्ड लावला आणि अपडेट पूर्णच बंद पडले. डब्ल्यूपी क्रॉनट्रोल हा फुकटचा प्लगिन टाकल्यावर दिसलं की कामाची वेळ उलटून दोन दिवस झालेत आणि वर ४०१ चा, म्हणजे परवानगी नसल्याचा, एरर. क्रॉन सुरू करायला वर्डप्रेस स्वतःलाच एक रिक्वेस्ट पाठवतं, ती त्या पासवर्डवर अडकत होती.

उपाय सोपा निघाला. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाईलमध्ये वर्डप्रेसचं क्रॉन बंद केलं आणि सीपॅनलमधून (होस्टिंगची सेटिंग्ज असतात तिथून) सर्व्हरच्या घड्याळावर चालणारा खरा क्रॉन जॉब लावला, दर १५ मिनिटांनी, आणि तो वेबवरून नाही तर पीएचपीने थेट फाईल चालवून, म्हणजे पासवर्ड आडवाच येत नाही. तेव्हापासून लॉगमध्ये वेळ ३ च्या आसपासची दिसते.

डॅशबोर्डवाल्यांच्या सपोर्टलाही विचारलं होतं, त्यांचं दोन दिवसांनी उत्तर आलं, साईट डिस्कनेक्ट करून परत जोडा. एवढंच. क्रॉनचा साधा उल्लेख नाही, आणि हे मला पटलं नाही, कारण डॅशबोर्ड स्वतःच्याच सर्व्हरवर चालवणाऱ्याला हा प्रश्न पहिल्या महिन्यातच येणार. खरी मोठी उणीव हीच की अपडेट फेल झालं तर लाल खूण येते पण शेड्यूल चाललंच नाही तर काहीच येत नाही, स्क्रीन शांत. चुकलेल्या वेळेचा एक ईमेल यायलाच हवा, तशी विनंती मी त्यांना लिहून पाठवलीये.

तरीही दोन साईट राहिल्या. एकीवर सिक्युरिटी प्लगिनचा फायरवॉल माझ्या सर्व्हरचा आयपी अडवत होता, तो परवानगीच्या यादीत टाकला. दुसरीवर पेड प्लगिनचं लायसन्स संपलेलं, अपडेट दिसायचं पण ‘अपडेट पॅकेज नॉट अव्हेलेबल’ म्हणून थांबायचं, ते रिन्यू केल्याशिवाय कुठलाही डॅशबोर्ड काही करू शकत नाही.

अजून एक बघा, वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, प्रत्येक प्लगिनसमोर स्वतःचं ऑटो-अपडेट चालू करायची सोय आहे. ते आणि डॅशबोर्डचं शेड्यूल दोन्ही चालू ठेवलं तर कुठलं अपडेट कोणी कधी केलं ते शोधत बसावं लागतं. ६.६ पासून अपडेटनंतर फेटल एरर (साईट बंद पाडणारा) आला तर वर्डप्रेस त्या प्लगिनची जुनी आवृत्ती परत बसवतं, पण ते त्याच्या स्वतःच्या ऑटो-अपडेटपुरतं, म्हणून डॅशबोर्डवरून करताना शेड्यूलच्या आधी बॅकअप लावाच.

५ पैकी साडेतीन देईन, आणि पुढच्या वर्षीचे पैसेही भरलेत. काकूंच्या साईटचं वूकॉमर्स (ऑनलाइन दुकान चालवणारा प्लगिन) मात्र शेड्यूलमधून काढलंय, ते मी मंगळवारी रात्री बसून हातानेच करतो आणि लगेच एक टेस्ट ऑर्डर टाकून बघतो.