वेस्ट हायलँड वे की केप रॅथ ट्रेल? लहरी हवामानातल्या दोन लांब वाटांचा तुलनात्मक आढावा

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये पाठीवर सॅक घेऊन सलग काही दिवस चालायचे असा विचार मनात आला, की थोड्याच शोधानंतर दोन नावे समोर उभी राहतात. पहिली वाट वेस्ट हायलँड वे. ती ग्लासगोच्या उत्तरेकडील मलगाय या उपनगरातून निघून १५४ किलोमीटरवरील फोर्ट विल्यमला संपते. (रेल्वे स्थानकाच्या पाटीवरील स्पेलिंग वाचून हा उच्चार कोणालाही सुचणार नाही, म्हणून तो आधीच माहीत असलेला बरा.) दुसरी केप रॅथ ट्रेल फोर्ट विल्यमलाच सुरू होते आणि ब्रिटनच्या मुख्य भूमीच्या वायव्य टोकावरील दीपगृहापाशी संपते. तिची लांबी निवडलेल्या मार्गानुसार ३२० ते ३७० किलोमीटरच्या दरम्यान भरते. एकीचा शेवट तीच दुसरीची सुरुवात असल्याने दुसरी वाट म्हणजे पहिलीचाच लांबलेला उत्तरार्ध, अशी समजूत सहज होते. या दोन वाटांचे स्वभाव इतके वेगळे आहेत, की निवड करताना ही समजूत सर्वांत आधी बाजूला ठेवावी लागते.

नुसते आकडे पाहून फसगत होते. वेस्ट हायलँड वे साधारण सात दिवसांत आणि केप रॅथ ट्रेल अठरा-वीस दिवसांत पूर्ण केली जाते, म्हणजे दोन्हीकडे रोजची सरासरी वीस किलोमीटरच्या आसपास येते. पहिल्या वाटेवर हे वीस किलोमीटर बऱ्याच अंशी अठराव्या शतकात सैन्यासाठी बांधलेल्या जुन्या रस्त्यांवरून, गुरे हाकण्याच्या वाटांवरून आणि जंगलातील रुंद मार्गांवरून होतात. दुसरीकडे दिवसाचा बराच भाग दलदलीतून, गुडघाभर गवतातून किंवा मुळीच वाट नसलेल्या दरीतून काढावा लागतो आणि चांगल्या चालणाऱ्याचा वेगही ताशी दोन-अडीच किलोमीटरवर येतो. त्यामुळे नकाशावर सारखे दिसणारे दोन दिवस प्रत्यक्षात सहा तासांचे आणि दहा तासांचे असू शकतात.

वेस्ट हायलँड वे १९८० साली अधिकृतपणे खुली झाली आणि स्कॉटलंडमधील अशी ती पहिलीच लांब पल्ल्याची वाट. तिच्यावर ठिकठिकाणी खुणांचे खांब आहेत, वाटेत गावे, हॉटेले, वसतिगृहे आणि तळावरच्या मुक्कामाच्या जागा आहेत आणि मोठी सॅक एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामावर गाडीने पोहोचवणारी सेवाही मिळते. केप रॅथ ट्रेलला अधिकृत दर्जा नाही आणि तिच्यावर एकही खूण नाही. ती एक ठरलेली वाट नसून पर्यायांची गुंफण आहे: फोर्ट विल्यमहून ग्लेनफिनन आणि नॉयडार्टच्या रानातून जायचे, की ग्रेट ग्लेन या लांब दरीच्या बाजूने सौम्य मार्ग धरायचा, हा पहिलाच निर्णय स्वतः घ्यावा लागतो आणि असे निर्णय नंतर रोज येत राहतात. नकाशा आणि होकायंत्र यांच्या आधाराने धुक्यात दिशा धरून चालता येणे ही या वाटेची किमान अट आहे. फोनवरील नकाशा उपयोगी असला, तरी ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते.

माझ्या मते निवडीचा खरा निकष हवामान हाच आहे. अटलांटिकवरून येणारे कमी दाबाचे पट्टे पश्चिम हायलँड्सच्या डोंगरांवर आदळतात, दमट हवा वर ढकलली जाते आणि पाऊस कोसळतो. पश्चिमेकडील डोंगराळ भागात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो एका ऋतूत न पडता वर्षभर विखुरलेला असतो. एकाच दिवशी ऊन, गारा, दाट धुके आणि पुन्हा ऊन हा क्रम तेथे नेहमीचा आहे. सह्याद्रीत भरपावसात चालण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांनी येथे विशेष सावध राहावे, कारण आपला पाऊस बहुधा उबदार असतो आणि भिजणे हा ट्रेकच्या आनंदाचाच भाग ठरतो. हायलँड्समध्ये मे महिन्यातही पावसासोबत सहा-सात अंश तापमान आणि जोरदार वारा असू शकतो. ओल्या कपड्यांतून वारा शरीराची उष्णता खेचून नेतो, आधी हात बधिर होतात, मग विचार मंदावतात आणि चुकीचे निर्णय घेतले जातात. अशा रीतीने शरीराचे तापमान उतरण्यासाठी बर्फाची गरज नसते. खिंडी ४०० ते ७०० मीटर उंचीच्याच असल्या, तरी झाडांचा आडोसा नसल्याने तेथील वारा आपल्या दुप्पट उंचीच्या डोंगरावरील वाऱ्यापेक्षा कठोर वाटू शकतो.

याच हवामानाला दोन्ही वाटा वेगवेगळे उत्तर देतात. वेस्ट हायलँड वेवर हवामान बिघडले, तर मुख्यतः सुखसोय हरवते. लॉक लोमंड या सरोवराच्या काठाने इन्व्हरस्नेडच्या पुढे मुळांचा आणि दगडांचा जो अवघड टप्पा लागतो, तो पावसात निसरडा होतो, आणि रॅनक मूरच्या उघड्या माळावरचे साधारण पंधरा किलोमीटर आडोशाविना काढावे लागतात. त्यानंतर डेव्हिल्स स्टेअरकेस ही सुमारे ५५० मीटर उंचीची, संपूर्ण वाटेवरील सर्वांत उंच खिंड येते. तरीही पायाखालचा रस्ता स्पष्ट असतो, ओढ्यांवर पूल असतात आणि माळ संपता संपता किंग्जहाउस या हॉटेलचे छप्पर दिसते. अगदीच नको झाले, तर क्रीअनलॅरिक, टाइनड्रम आणि ब्रिज ऑफ ऑर्की येथे रेल्वे स्थानके आहेत. एक दिवस गाळून पुढे जाता येते किंवा परत फिरता येते.

केप रॅथ ट्रेलवर हवामान बिघडले, तर वाटच हरवू शकते, आणि याचे मुख्य कारण नद्या आहेत. या भागातील दऱ्या आखूड, उताराच्या आणि खडकावर पातळ माती असलेल्या असल्यामुळे पावसाचे पाणी मुरत नाही. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारपर्यंत कमरेएवढा होऊ शकतो. शेनव्हॉल या डोंगरातील निवाऱ्याजवळ अशा दोन नद्या एकापाठोपाठ ओलांडाव्या लागतात आणि जोराच्या पावसानंतर त्या ओलांडण्याचा विचारही करू नये. पात्र रुंद आणि पाणी उथळ असेल अशी जागा शोधावी, सॅकचा कमरेचा पट्टा सोडावा, पाणी ज्या बाजूने येते तिकडे तोंड ठेवून काठीच्या आधाराने तिरके सरकावे, आणि पाणी गुडघ्यावर येत असेल व प्रवाहाला जोर असेल तर मागे फिरावे. जसे हे पाणी झपाट्याने चढते, तसेच पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतेही, म्हणून वाट पाहणे हाच बहुतेक वेळा योग्य उपाय असतो. त्यासाठी वेळापत्रकात किमान दोन-तीन मोकळे दिवस आणि सॅकमध्ये एक दिवसाचे जादा अन्न हवे. परतीचे तिकीट अगदी नेमक्या दिवसाचे काढून या वाटेवर निघणारा माणूस नदीपाशी उभा राहून स्वतःवर नको तो दबाव आणतो.

ओझ्याचा प्रश्न याला जोडूनच येतो. पहिल्या वाटेवर दीड-दोन दिवसांचे अन्न पुरते. दुसरीवर मात्र काही टप्प्यांत चार-पाच दिवसांचे अन्न पाठीवर घ्यावे लागते, कारण किनलॉक्यूसारखी लहान गावे दूर दूर आहेत आणि उल्लापूलसारखे मोठे गाव वाट सोडून गाठावे लागते. काही जण आपल्या नावाची पार्सले वाटेवरील मुक्कामाच्या ठिकाणी आधीच विचारून पाठवून ठेवतात. भारतातून जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की स्टोव्हचा गॅस विमानातून नेता येत नाही, तो ग्लासगो किंवा फोर्ट विल्यममध्येच घ्यावा लागतो.

मुक्कामाबाबत स्कॉटलंडचा कायदा उदार आहे. २००३ च्या भूमी सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला बहुतेक मोकळ्या जमिनीवर चालण्याचा आणि तंबू टाकण्याचा हक्क दिला आहे. याला वेस्ट हायलँड वेवर एक अपवाद आहे: लॉक लोमंडच्या पूर्व किनाऱ्याच्या ठरावीक पट्ट्यात १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात परवाना किंवा अधिकृत तळ लागतो. केप रॅथ ट्रेलवर असा निर्बंध नाही आणि शिवाय बॉथी नावाचे साधे दगडी निवारे आहेत, त्यांपैकी अनेकांची देखभाल १९६५ साली स्थापन झालेली माउंटन बॉथीज असोसिएशन ही स्वयंसेवी संस्था करते. तेथे पैसे पडत नाहीत, आरक्षण नसते, वीज नसते आणि बहुधा शौचालयही नसते, फक्त कोरडे छप्पर असते. दिवसभर वाऱ्याशी झगडल्यानंतर त्या कोरड्या छपराची किंमत काय असते, हे तेथे पोहोचल्यावरच कळते. तरीही बॉथी भरलेली असू शकते म्हणून तंबू सोबत असलाच पाहिजे.

काळ निवडण्याबाबत दोन्ही वाटांना एकच उत्तर लागू पडते: एप्रिलची अखेर ते जूनचा पहिला आठवडा. हे दिवस तुलनेने कोरडे असतात, प्रकाश रात्री उशिरापर्यंत टिकतो आणि मिज नावाच्या चावऱ्या चिलटांचे थवे अजून पुरते उठलेले नसतात. जून ते ऑगस्टमध्ये वारा पडताच ही चिलटे तंबूबाहेर बसणे अशक्य करतात, म्हणून त्या काळात डोक्यावरची बारीक जाळी घ्यावीच. गवतातील गोचिडी मात्र मेमध्येही असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होऊ शकतो, तेव्हा रोज रात्री अंग तपासावे. ऑगस्टनंतर दुसऱ्या वाटेच्या भागात हरणांच्या शिकारीचा हंगाम जोरात असल्याने त्या त्या जमिनीच्या व्यवस्थापनाची सूचना पाहून वाट ठरवावी लागते.

परतीचा प्रवासही विचारात घेण्यासारखा आहे. फोर्ट विल्यमहून ग्लासगोला थेट रेल्वे आहे आणि तिचा प्रवास स्वतःच पाहण्याजोगा आहे. केप रॅथला १८२८ सालचे दीपगृह आहे, पण सार्वजनिक रस्त्यांच्या जाळ्याशी जोडलेला मार्ग नाही. हंगामात एक मिनीबस आणि त्यानंतर काइल ऑफ डरनेस या खाडीवरची लहान होडी मिळते, पण तीही हवामान साथ देईल तेव्हाच. शिवाय या टोकाचा मोठा भाग लष्कराच्या गोळीबाराच्या सरावासाठी राखीव आहे. सरावाच्या दिवशी वाट बंद असते, त्यामुळे तारखा आधी पाहाव्या लागतात. सँडवुड बेच्या विस्तीर्ण, निर्मनुष्य किनाऱ्यावरील शेवटची रात्र या सगळ्या खटाटोपाचे मोल देते, असे मला ठामपणे वाटते, पण तेथून उलट पायी परतावे लागण्याची तयारी मनात हवी.

म्हणून पहिल्यांदाच हायलँड्समध्ये जाणाऱ्याने, त्याचा दम कितीही चांगला असला, तरी वेस्ट हायलँड वे निवडावी. फक्त सॅक गाडीने पुढे न पाठवता तंबूसह स्वतः वाहावी, म्हणजे तेथील पावसात तंबू लावणे, कपड्यांचा एक जोड काहीही झाले तरी कोरडा राखणे आणि डोंगरी हवामानाचा अंदाज रोज वाचून चाल ठरवणे या गोष्टी अंगवळणी पडतात. ज्याने हे आधी केले आहे, धुक्यात नकाशावर चालण्याचा सराव आहे आणि ज्याच्याकडे तीन आठवडे मोकळे आहेत, त्याने केप रॅथ ट्रेलचा विचार जरूर करावा, शक्यतो एकट्याने नव्हे.

या दोहोंच्या मध्ये अडकलेल्यांसाठी एक पर्याय मला सर्वांत योग्य वाटतो. वेस्ट हायलँड वे संपवून फोर्ट विल्यमहून रेल्वेने ग्लेनफिननला जावे आणि तेथून केप रॅथ ट्रेलचा पहिला भाग चालावा: कोरीहली बॉथीवरून ग्लेन डेसरी, तेथून लॉक नेव्हिस या खाडीच्या टोकावरील सोरलीज बॉथी, मग मुख्य वाट सोडून मॅम मेडल खिंडीतून इन्व्हरी. रस्त्याने कोठेही न जोडलेल्या या गावातून मॅलेगला नाव जाते आणि मॅलेगहून परतीची रेल्वे मिळते. हे तीन-चार दिवसांचे अंतर आहे, पण त्यात दलदल, खूण नसलेली वाट, बॉथी आणि चढणारे ओढे हे सगळे भेटते, आणि सोरलीजला पोहोचेपर्यंत उत्तरेकडे पुढे जावेसे वाटते की नावेकडे वळावेसे वाटते, हे ज्याचे त्याला कळलेले असते.