जागा एक, पोरं दोन: कॉलेज फुटबॉलमधून प्रोफेशनल लीगसाठी कुणाला उचलायचं?

गोव्यात आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धा संपली की क्लबांकडे नावं यायला लागतात. मिरामारच्या धेंपे कॉलेजचा अमुक, मडगावच्या चौगुलेचा तमुक, म्हापशाच्या झेवियरचा तो डावखुरा. बहुतेक नावं गोलांच्या आकड्यावरून आलेली असतात आणि तिथेच गफलत होते. कॉलेजच्या सामन्यात एका संघात सीनियर क्लबकडून खेळणारे चार-पाच जण असतात. समोर प्रॅक्टिकल बुडवून, उसने बूट घालून आलेला राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटूही असू शकतो. त्याच्यावर केलेल्या तीन गोलांवरून गोवा प्रोफेशनल लीगमधल्या, म्हणजे राज्याच्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या, पहिल्या शनिवारी काय होईल, हे कळत नाही. वेळ आणि मोकळी जागा निम्मी झाली तर या पोराच्या खेळातलं काय उरेल, हे शोधायचं असतं. क्लबकडे सहीसाठी जागा एक आहे आणि यादीत नावं दोन उरली आहेत, असं धरून ही तुलना केली आहे.

विंगर: सात नंबर की अकरा नंबर

सात नंबर वेगवान आहे. चेंडू पाच-सात मीटर पुढे ढकलतो, बॅकला धावेत मागे टाकतो, क्रॉस मारतो. प्रेक्षक त्याच्याच बाजूला बसतात. अकरा नंबर त्याच्याहून हळू, गोलही कमी. पण तो वेगात येता येता थांबतो, बॅकचं वजन एका पायावर गेलं की दुसऱ्या बाजूने निघतो आणि दोन्ही पायांनी पास देतो.

दोघांमध्ये निवड करायची तर बॅकने तीन-चार मीटर सोडून उभं राहायचं ठरवल्यावर काय होतं ते पाहा. सीनियर बॅक हेच करतो. तो चेंडूवर झेपावत नाही, मागे सरकत राहतो आणि आपला मिडफिल्डर मदतीला येईपर्यंत वेळ काढतो. अशा वेळी सात नंबरला ढकलायला जागाच नसते. तो एक तर मागे पास देतो, नाही तर दोघांच्या मधून घुसून चेंडू घालवतो. अकरा नंबरचं हत्यार मात्र जागेवर अवलंबून नसतं. म्हणून सामना बघताना 'बॅकला किती वेळा मागे टाकलं' एवढंच न मोजता 'बॅक सोडून उभा असताना किती वेळा मागे टाकलं' हा वेगळा रकाना ठेवा. सात नंबरचे दहाचे दोन झाले की चित्र स्पष्ट होतं.

दुसरा रकाना चेंडू गेल्यानंतरच्या पाच सेकंदांचा. हात वर करून पंचाकडे बघणारा, कमरेवर हात ठेवून चालणारा आणि वळून धावणारा, अशा तीन खुणा ठरवून घ्या. ७० व्या मिनिटानंतर कुठली खूण वाढते ते बघा.

तरीही सात नंबरला लगेच खोडू नका. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) २०२१–२२ च्या हंगामापासून मैदानात एका वेळी चारच परदेशी खेळाडू ठेवता येऊ लागले आणि क्लब त्या जागा बहुतेक करून स्ट्रायकर, स्टॉपर (गोलासमोरचा मधला बचावपटू) आणि मधल्या फळीतल्या प्लेमेकरसाठी वापरतात. भारतीय पोरासाठी वाट रुंद आहे ती बाजूच्या पट्ट्यात: विंग आणि बॅक. आपल्या मंदार राव देसाईचंच बघा. डेंपो क्लबातून आलेला हा डावा विंगर एफसी गोवात लेफ्ट बॅक झाला आणि २०२०–२१ मध्ये त्याच जागेवर खेळत मुंबई सिटीबरोबर शील्ड (साखळीत अव्वल आल्याबद्दलची) आणि करंडक दोन्ही जिंकून आला. तेव्हा सात नंबरला एका सराव सामन्यात ४५ मिनिटं बॅक म्हणून खेळवा. मागे धावताना तो चेंडूकडेच बघत राहतो की आपल्या माणसाकडेही, हे पहिल्या पंधरा मिनिटांत दिसतं. एवढं जमलं तर वेगाचं मोल दुप्पट, आणि मग अकरा नंबरपेक्षा तोच बरा.

मधली फळी: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

कॉलेजच्या संघात एक 'राजा' असतो. प्रत्येक चेंडू त्याच्या पायातून जातो, स्टॉपरकडून तो स्वतः मागून घेतो, चार-पाच टच घेतो, मान वर करतो आणि मग चाळीस मीटरचा पास. पास सुंदर असतो, शंका नाही. दुसरा मिडफिल्डर असतो त्याचं नाव सामन्यानंतर कुणालाच आठवत नाही. दोन टच, बाजूला पास, पुन्हा मोकळ्या जागेत.

त्या दुसऱ्याकडे बघायचं असेल तर चेंडू सोडून द्या. फक्त त्याच्या मानेकडे बघा. चेंडू त्याच्यापर्यंत येण्याआधीच्या दहा सेकंदांत तो किती वेळा खांद्यावरून मागे बघतो? एकदाही नाही, एक-दोनदा, की चार-पाचदा? आणि शेवटची नजर कधी, पास निघण्याआधी की चेंडू वाटेत असताना? कागदावर पंधरा वेळा हे नोंदवा. प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी: किती वेळा बघितलं, चेंडू कुठल्या पायावर घेतला, पुढे काय झालं (पुढे, बाजूला, मागे, गेला). लांबच्या पायावर, अंग अर्धं उघडं ठेवून घेतलेला चेंडू म्हणजे पुढचा पास आधीच ठरलेला. जवळच्या पायावर, गोलाकडे पाठ करून घेतला तर तो आता विचार करणार आहे. कॉलेजमध्ये त्या विचाराला दोन सेकंद मिळतात. लीगमध्ये तोवर पाठीवर माणूस बसलेला असतो.

'राजा'ची चाचणी सोपी आहे. सरावात २० बाय २० मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध चार, बाहेर तीन तटस्थ खेळाडू, दोनच टच. चार मिनिटांचे चार डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. पहिल्या डावात तो चिडेल, बहुतेक सगळेच चिडतात. तिसऱ्या-चौथ्या डावात चेंडू जाण्याचं प्रमाण उतरतंय का ते महत्त्वाचं. उतरत असेल तर त्याची सवय कॉलेजने लावलेली आहे, सुटेल. तसंच राहिलं आणि वयाने तो २१ च्या पुढे असेल, तर दुसऱ्याला घ्या. गॅलरी नाराज झाली तरी चालेल.

स्टॉपर, स्ट्रायकर, गोलरक्षक

स्टॉपरमध्ये उंच आणि हेडिंग जिंकणारा एकीकडे, चार बोटं बुटका पण आधी ओळखून पाऊल टाकणारा दुसरीकडे. स्थानिक लीगपुरता दुसरा चालतो. वर जायचं तर समोर परदेशी सेंटर फॉरवर्ड येतो आणि कॉर्नरला उंची कुणाला माफ होत नाही. बुटक्याला डिफेन्सिव्ह मिडफिल्डर म्हणून बघा. उंच पोराची एकच गोष्ट तपासा: त्याच्या डोक्यावरून चेंडू टाकल्यावर तो वळतो कसा. तीन-चार छोट्या पावलांत वळला तर ठीक. मोठ्या गोलात वळला तर त्याच्या मागे नेहमी कुणी तरी मोकळा धावत राहील.

स्ट्रायकरच्या गोलांतून पेनल्टी आणि दुबळ्या संघांविरुद्धचे गोल वगळा. उरतात त्यांतले पहिल्या टचवर किती? तेवढंच.

गोलरक्षकाच्या बाबतीत घाई नको. गोव्यात प्रत्येक चांगल्या पोराची तुलना भारताचे माजी गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकरांशी होते आणि पोराचं नुकसान होतं. ही जागा उशिरा पिकते. लक्ष्मीकांत कट्टीमनीने २०२२ मध्ये फातोर्ड्यावरच्या आयएसएल अंतिम सामन्यात हैदराबादसाठी शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवल्या तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. म्हणून विंगरला जे वय जड जातं ते २२ वर्षांच्या गोलरक्षकाला जात नाही. दोन गोलरक्षकांत निवडताना झेपा कमी मोजा. क्रॉसला बाहेर यायचं की नाही हा निर्णय आणि बॅकपासवर उलट्या पायाने ३० मीटरचा पास, हे दोन जास्त मोजा.

१९ चा की २२ चा

खेळ सारखाच असेल तर १९ चा, यात वाद नको. २२ वर्षांचा जे आज करतो तेच १९ चा करत असेल तर त्याच्याकडे तीन हंगाम शिल्लक आहेत. शिवाय २०२२ मध्ये गोव्यातच सुरू झालेली रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग मुख्यतः २१ वर्षांखालच्यांसाठी आहे. १९ च्याला तिथे चुका करायला मिळतात. २२ च्याला थेट मोठ्यांत उतरावं लागतं.

एक अपवाद. उशिरा वाढलेला पोरगा. सोळाव्या वर्षी सगळ्यात लहानखुरा होता म्हणून वयोगटाच्या संघांतून सुटला आणि १८ नंतर उंची-वजन आलं. लहानपणी ताकदीने जिंकता येत नव्हतं, म्हणून याचा पहिला टच आणि डोकं बहुधा चांगलं असतं. त्याला विचारा की दोन वर्षांत उंची किती वाढली. त्याच्या २१ ला इतरांचे १९ समजायला हरकत नाही.

कुठल्या मैदानावर बघितला?

जुलैतल्या चिखलात धिप्पाड पोरगा राजा दिसतो, कारण चेंडू थांबतो आणि धक्काबुक्की चालते. फेब्रुवारीत जांभ्याच्या कडक मैदानावर चेंडू गुडघ्याएवढा उसळतो आणि चांगल्या टचवालाही अडाणी दिसतो. म्हापशाच्या धुळेर मैदानावर कृत्रिम गवत, तिथे पास झरझर जातो आणि हळू विचार करणारा उघडा पडतो. दोघांतला एक धुळेरला आणि एक गावच्या मैदानावर बघून तुलना केलीत तर तुम्ही मैदानांची तुलना केलीत. दोघांनाही निदान दोन वेगळ्या पृष्ठभागांवर बघा आणि त्यातला एक सामना त्यांचा संघ हरत असलेला असू द्या.

सामना किती मिनिटांचा आहे तेही आधी विचारा. ३५-३५ मिनिटांचा असेल तर शेवटची वीस मिनिटं तुम्ही बघितलेलीच नसतात, आणि दमट हवेत लीगचे बरेच गोल तेव्हाच होतात. व्हिडिओ मागवलात तर गोलांची कापाकापी नको. मोबाइल अर्ध्या रेषेवर, उंचावर, तिवईवर ठेवून पूर्ण सामना हवा. पोरगा चेंडूशिवाय काय करतो ते तिथेच दिसतं.

आकडे

यो-यो इंटरमिटंट रिकव्हरी, पातळी एक, ही दमाची चाचणी: २० मीटर जाऊन-येऊन, मध्ये दहा सेकंद. व्यावसायिक खेळाडू साधारण २००० ते २४०० मीटरपर्यंत जातो. कॉलेजचा पोरगा १४०० ला थांबला म्हणून घाबरू नका, आठ-दहा आठवड्यांच्या नीट सरावाने हा आकडा हलतो. ३० मीटरची धाव मात्र फारशी हलत नाही. त्यामुळे दमाचा कमी आणि वेगाचा चांगला, की दमाचा चांगला आणि वेगाचा कमी, असा पेच आला तर पहिला घ्या.

एक सावधगिरी: हातातल्या स्टॉपवॉचने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक गेटपेक्षा साधारण ०.२ सेकंदांनी चांगली दिसते. ३० मीटरमध्ये हा फरक चांगला आणि सामान्य यांच्यातल्या फरकाएवढा असतो. एकाची वेळ कॉलेजच्या सरांनी घड्याळावर आणि दुसऱ्याची कुठल्या अकादमीने गेटवर घेतली असेल तर दोन्ही कागद बाजूला ठेवा आणि दोघांना एकाच सकाळी धावायला लावा.

गुडघा आणि फेस्त

हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) एकदा गेला की पुन्हा जाण्याची शक्यता वाढते. कुठला पाय, कधी, किती आठवडे, हे तोंडी न विचारता लिहून घ्या. एसीएलची (गुडघ्यातल्या अस्थिबंधाची) शस्त्रक्रिया झाली असेल तर नऊ महिन्यांच्या आत परतलेला पोरगा जास्त धोक्याचा. एका पायावर उडी मारून दोन्ही पायांचं अंतर मोजा, ऑपरेशनचा पाय निदान ९० टक्के तरी हवा.

मग फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) आणि गावागावांतल्या बक्षिसी स्पर्धा. रोख मिळते, गावात नाव होतं, त्यामुळे पोरगा नाही म्हणत नाही. बुधवारी कॉलेज, शनिवारी क्लब, रविवारी रात्री दिव्याखाली सेव्हन-अ-साइड. गेल्या १४ दिवसांत किती सामने झाले ते विचारा. पाच-सहा निघाले तर तुम्ही बघितलेला मंद पोरगा कदाचित मंद नसेल, दमलेला असेल. करार करताना या स्पर्धांबद्दल स्पष्ट बोला, नाही तर ऑगस्टमध्ये सही केलेला पोरगा डिसेंबरमध्ये लंगडत येतो.

ट्रायलऐवजी दहा दिवस

साठ पोरं, वीस मिनिटांचे सामने, पाठीवर नंबर: अशा ट्रायलमध्ये प्रत्येक जण चेंडू आला की ड्रिबल करतो, कारण पास देणारा दिसतच नाही. आपला तो शांत मिडफिल्डर तिथे हमखास गळतो. दोन नावं उरली असतील तर दोघांना दहा दिवस सीनियर संघाबरोबर सरावाला बोलवा. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला एकच दुरुस्ती सांगा, उदाहरणार्थ 'कॉर्नरनंतर बाहेर धावताना आधी डावीकडे बघ'. मान डोलावतात सगळेच. पाचव्या दिवशी, कुणी आठवण न करता, ती गोष्ट सामन्यात दिसते का बघा. सहा-सातपैकी चार-पाच वेळा दिसली तर तो शिकणारा आहे.

सराव सकाळी सातचा असेल तर कॉलेजचं वेळापत्रकही आधीच मागवा. ७५ टक्के उपस्थितीचा नियम नोव्हेंबरमध्ये डोकं वर काढतो आणि परीक्षेच्या तीन आठवड्यांत दोघांपैकी एक जण गायब होतो. घरच्यांशी बोलताना पदवी पूर्ण होईल असं सांगायचं असेल तर सरावाची वेळ तशी ठेवा, नुसतं सांगू नका.

सहीआधी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत त्याचं नाव शोधा. कॉलेजचा पोरगा म्हणजे मोकळा पोरगा असं नसतं. दोन वर्षांपूर्वी कुठल्या तरी गावच्या क्लबने त्याची नोंदणी केलेली असते आणि ते त्यालाही आठवत नसतं. ज्याला घेतलं नाही त्याला तसं त्याच आठवड्यात सांगा, कमी पडलेली गोष्ट कागदावर लिहून द्या आणि पुढच्या पावसाळ्यानंतरची एक तारीख ठरवून पुन्हा बघायला जा.